राइडिंग मॉवर गरम झालं की बंद पडतंय, थंड झालं की परत चालू. कार्बोरेटर बदलायचा का?

कातळावरची_बाग, देवगड

नमस्कार मंडळी. आमच्याकडे बसून चालवायचं गवत कापायचं मशीन आहे, राइडिंग मॉवर म्हणतात ते. सिंगल सिलिंडर पेट्रोल इंजिन, १७ एचपी, उभ्या शाफ्टचं, सेल्फ स्टार्ट. एका रिसॉर्टवाल्याकडून जुनं घेतलेलं आहे. कलमांच्या मधलं गवत आणि घरासमोर पाहुण्यांसाठी केलेलं लॉन, दोन्ही त्याच्यावरच चालतं. पावसाळाभर पडवीत ताडपत्रीखाली होतं, दसरा झाल्यावर बाहेर काढलं, बॅटरी चार्ज केली, ऑइल बदललं, चालू झालं. पण अर्धा-पाऊण तास चांगलं चालतं आणि मग बंद पडतं. लगेच सेल्फ मारला तर नुसतं फिरत राहतं, पकडत नाही. तसंच सावलीत सोडून दिलं आणि चहा वगैरे घेऊन आलो की पहिल्या झटक्यात चालू. परत थोडा वेळ कापतं की परत तेच, आणि दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा लवकर बंद पडतं.

प्लग नवीन टाकला. एअर फिल्टर नवीन. पेट्रोल फिल्टर नवीन. तालुक्याला एक मेस्त्री आहेत त्यांनी कार्बोरेटर खोलून साफ केला, जेट फुंकले, तरी फरक नाही म्हटल्यावर ते म्हणतायत अख्खा कार्बोरेटरच नवीन टाका. त्याचा भाव ऐकून आधी इथे विचारावं असं वाटलं.

अजून एक, संबंध आहे की नाही माहीत नाही, पण सांगून ठेवतो. सकाळी थंड असताना सेल्फ मारला की इंजिन अर्धा फेरा फिरून अडतं, परत बटण दाबलं की मग सुटतं. बॅटरी नवीन आहे.

घाई यासाठी की गवत आता पिवळं पडायला लागलंय, आणि आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, दरवर्षी कुठे ना कुठे वणवा लागतोच. मोहोर यायच्या आत बाग साफ आणि कडेचा पट्टा मोकळा झालाच पाहिजे. ग्रासकटर घेऊन येणारी माणसं सगळ्यांनाच एकदम हवी असतात, मिळत नाहीत.

सर्जेकोट_मालवण

पयला टाकीचा झाकान सैल करून चालव. झाकणाक बारीक भोक आसता हवा आत जावक, ता धुळीन बुजला की पेट्रोल जसा कमी होता तशी टाकीत हवा ओढली जाता आणि पेट्रोल खाली येवचा थांबता. थोडो वेळ सोडलंस की हवा हळूहळू आत शिरता, मशीन परत चालू. आमच्या होडयेच्या आउटबोर्ड इंजिनाच्या टाकीक तर झाकणावर स्क्रूच दिलेलो आसता, तो उघडूक इसारलो की हाच खेळ, बंदरातून भायर पडला की इंजिन बंद. खर्च काय नाय, आधी ह्या बघ.

नारळीपोफळी_गुहागर

दादा, माझ्याकडे होमस्टेच्या लॉनसाठी असंच मशीन आहे, थोडं लहान. झाकणाचं वर सांगितलंय ते बघाच. मला आधी विचारायचंय की टाकीत पेट्रोल कधीचं आहे? मे महिन्यातलं राहिलेलं असेल तर ते काढून टाका, त्याच्यावर नवीन ओतून चालवू नका. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते सांगायला नको, कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं, वर पेट्रोल वेगळं. आणि टाकीतून पाइप जातो तो तळातूनच. ते पाणी कार्बोरेटरच्या वाटीत बसून अॅल्युमिनियमला पांढरी बुरशीसारखी पूड धरते, ती जेटमध्ये अडकते. मेस्त्रींनी साफ केलं तरी टाकीत तेच पेट्रोल असेल तर परत येणार. काचेच्या बाटलीत थोडं काढा आणि उन्हात धरून बघा, तळाला वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला की समजायचं.

या छोट्या इंजिनांच्या पुस्तकात बहुतेक ठिकाणी १० टक्के इथेनॉलपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. आपल्याला पंपावर दुसरं मिळत नाही, पण मग निदान ताजं वापरायचं, महिन्याभरात संपेल एवढंच आणायचं. पाइपही बघा, जुना असेल तर आतून फुगतो, बाहेरून चांगला दिसतो.

वायरमन_कुडाळ

मला हे इलेक्ट्रिकल वाटतंय. या मशिनांना सीटखाली स्विच असतो, माणूस उठला की इंजिन बंद. ब्रेकच्या पेडलला एक, पात्याच्या लिव्हरला एक. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत या स्विचचे पॉइंट हिरवे होतात. कातळावर मशीन उडतं, सीट हलते, स्विच सुटतो की इंजिन बंद. सीटखालचा प्लग काढून दोन वायरी जोडून टाका, कायमचा त्रास मिटेल. बऱ्याच जणांनी केलंय.

जुना_फिटर_मिरकरवाडा

सीट स्विच जोडून टाकायचं अजिबात करू नको. हे मी पहिलं लिहितो, बाकीचं नंतर. खाली पाती मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फिरत असतात. सड्यावर उतार आहेत, मशीन एका बाजूला कलंडलं, माणूस पडला, आणि पाती फिरतच राहिली तर काय होईल याचा विचार कर. बागेत पोरंटोरं असतात, पाहुण्यांची पण असतात. स्विच खराब असेल तर स्विच बदलायचा. काही मशीनमध्ये त्या दोन वायरी जोडल्या तर इंजिन चालूच होत नाही आणि काहींत उलटं असतं, त्यामुळे अंदाजाने जोडलंस तर शोध अजून अवघड होईल. तपासायला म्हणून सुद्धा करायची गरज नाही, दुसरी पद्धत आहे, खाली सांगतो.

आता मुद्द्याचं. तू आतापर्यंत प्लग, दोन फिल्टर बदललेस आणि आता कार्बोरेटर बदलायला निघालायस. बंद पडल्यानंतर त्या मिनिटाला नक्की काय कमी पडलंय, पेट्रोल की करंट (प्लगची ठिणगी), हे मात्र कुणी बघितलेलं दिसत नाही. थंड झाल्यावर मेस्त्रीच्या दारात नेलं की ते चालू होणारच, तिथे कुणालाच काही दिसणार नाही. जे बघायचं ते शेतात, बंद पडल्या पडल्या, इंजिन गरम असताना बघायचं.

पहिला प्रश्न, बंद कसं पडतं? दोन प्रकार असतात. एक म्हणजे आवाज खाली-वर व्हायला लागतो, दम लागल्यासारखं करतं, चोक थोडा ओढला की जरा सावरतं आणि मग मरतं. ते पेट्रोलचं. दुसरं म्हणजे चांगल्या रेसमध्ये असताना किल्ली फिरवल्यासारखं एकदम गप्प. ते बहुतेक करंटचं. हे आधी सांग.

आणि उद्या मशीन चालवायला जाताना सोबत तीन गोष्टी ने. प्लगचा पाना, स्पार्क टेस्टर आणि छोट्या बाटलीत चमचाभर पेट्रोल. टेस्टर म्हणजे प्लग आणि प्लगची टोपी यांच्या मध्ये लावायचा छोटा दिवा, स्पेअरच्या दुकानात मिळतो, महाग नसतो. मशीन बंद पडलं की आधी टाकीचं झाकण उघड आणि कान देऊन ऐक. हवा आत ओढल्याचा सूं असा आवाज आला तर मालवणच्या भावाने सांगितलंय तेच कारण, पुढे काही करायला नको. आवाज नाही आला तर पात्यांचा क्लच बंद, गिअर न्यूट्रल, स्वतः सीटवर बसून राहा, टेस्टर लावून दुसऱ्याला बघायला सांग आणि सेल्फ मार. दिवा लखलखतोय की नाही तेवढंच बघायचं. प्लग बाहेर काढून हेडला टेकवून ठिणगी बघायची आपली जुनी सवय असते, ती गरम इंजिनवर नको, प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते.

करंट चांगला आहे असं दिसलं तर एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात थेंबभर पेट्रोल टाक, झाकण लाव, सेल्फ मार. दोन-तीन सेकंद चालून परत बंद झालं म्हणजे पेट्रोल येत नाहीये. मग फिल्टर, पाइप, आणि टाकी सीटखाली असेल तर पल्स पंप. हा पंप क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीतल्या, दाबावर चालतो, त्यातला पडदा इथेनॉलने कडक होतो आणि गरम झाला की उचलायचं सोडतो. कार्बोरेटरच्या वाटीखाली वायर गेलेली असेल तर तिथे सोलेनॉइड, म्हणजे पेट्रोल सोडणारा-अडवणारा विजेचा वाल्व, आहे, किल्ली चालू केली की टक् असा आवाज आला पाहिजे. अर्थिंगची वायर गंजलेली असली तर त्याला पुरते व्होल्ट मिळत नाहीत आणि पेट्रोल तिथेच अडतं. शिवाय मशीन चालू असताना बॅटरीवर मीटर लावून बघ, साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या मध्ये असलं पाहिजे. साडेबाराच्या खाली दिसलं तर चार्जिंगच होत नाहीये.

एवढं करून कळव. तोवर एक रुपयाचा पार्ट घेऊ नको.

वायरमन_कुडाळ

काका, स्विचच्या वायरी जोडणं मी तपासण्यापुरतं नाही, कायमचंच सुचवलं होतं, तुमचं म्हणणं बरोबर आहे, उतारावर धोका आहे. पण स्विचचा संशय मला अजून आहे. तो तपासायचा कसा मग?

जुना_फिटर_मिरकरवाडा

सांगतो, त्याची सोय आहे. प्लगला करंट देणाऱ्या कॉइलला एक बारीक वायर येते, तिला आम्ही बंद करायची वायर म्हणतो. किल्ली बंद केली किंवा कुठलाही सेफ्टी स्विच सुटला की ती वायर बॉडीला अर्थ होते आणि करंट मरतो. सगळे स्विच शेवटी त्या एका वायरीवरच काम करतात. म्हणजे गरम असताना करंट नाही असं दिसलं की ती वायर कॉइलपासून सोडवायची आणि परत बघायचं. करंट आला तर दोष स्विच, किल्ली किंवा वायरिंगमध्ये कुठेतरी आहे. नाही आला तर कॉइल स्वतः गेली. एकाच परीक्षेत दोन्ही निकाल लागतात. हे करताना माणूस सीटवर बसलेला, पाती बंद, हँडब्रेक लावलेला. आणि ध्यानात ठेवायचं की ती वायर सुटलेली असताना किल्लीने करंट बंद होणार नाही. सोलेनॉइड असेल तर पेट्रोल तुटून दोन-चार सेकंदांत थांबेल, नसेल तर रेस कमी करून चोक पूर्ण ओढायचा. बघून झालं की वायर लगेच परत लावायची.

कातळावरची_बाग, देवगड

काका, फार उपकार झाले. एकदम गप्प होतं, किल्ली फिरवल्यासारखंच. मघाशी लिहायला पाहिजे होतं. पेट्रोल ताजं आहे, ताईंनी सांगितल्यावर बाटलीत काढून पण बघितलं, एकसारखं स्वच्छ आहे. झाकण सैल ठेवून चालवलं, तरी बंद पडलंच आणि उघडताना आवाज काही आला नाही.

टेस्टर कणकवलीहून मागवला. आज दुपारी बंद पडल्या पडल्या पुतण्याला टेस्टरकडे बघायला लावलं आणि मी सीटवर बसूनच सेल्फ मारला. दिवा अजिबात लागला नाही. तसंच सोडून थोड्या वेळाने परत मारला तेव्हा अंधुक, मध्येच चुकत, आणि अजून थोडं थांबल्यावर लखलखीत, इंजिन चालू. म्हणजे कार्बोरेटरचा यात काही दोष नाही हे तरी कळलं. बॅटरीवर चालू असताना १३.९ दाखवतंय.

आता ती वायर सोडवायची तर कॉइल दिसतच नाहीये, वर सगळं लोखंडी कव्हर आहे. ते काढायचं का? कुठून काढतात?

नारळीपोफळी_गुहागर

ते कव्हर काढाच दादा, आणि काढाल तेव्हा आत काय आहे त्याचा फोटो टाका. माझ्या मशीनमध्ये त्या कव्हरखाली उंदराने काथ्या आणि कापसाचं घरटं केलेलं होतं. बाहेरून काहीही कळत नाही, जाळीवरून हात फिरवला तर जाळी स्वच्छ. पावसात सगळीकडे पाणी आणि ही एकच कोरडी ऊबदार जागा, तो तिथे येणारच.

जुना_फिटर_मिरकरवाडा

ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलंय. ही इंजिनं हवेने थंड होतात, रेडिएटर नाही पाणी नाही. फ्लायव्हीलवरच, म्हणजे इंजिनच्या शाफ्टवरच्या जड चाकावर, पंखा असतो, तो वरच्या जाळीतून हवा ओढतो आणि ते कव्हर ती हवा सिलिंडर आणि हेडच्या पंख्यांसारख्या पातळ पट्ट्यांवरून खाली ढकलतं. त्या पट्ट्यांच्या मध्ये गवत बसलं की हवा जाणार कुठून? आणि कॉइल तिथेच शेजारी. तुझं मशीन दुसऱ्या वेळी लवकर बंद पडतं असं तू लिहिलंस, त्याचा अर्थ इंजिन पूर्ण थंड होत नाही, उष्णता आत साठतेय.

काढायचं असं. आधी प्लगची टोपी काढून बाजूला, बॅटरीची निगेटिव्ह सोड. बॉनेट उघड. कव्हरला कडेने चार-पाच बोल्ट असतात, एखादा टाकीच्या किंवा डिपस्टिकच्या नळीला धरून असतो, तो विसरून कव्हर ओढू नको, नळी खालून सुटते. बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेव, ते अॅल्युमिनियममध्ये घुसलेले असतात, जोर केलास तर तुटतील. कव्हर निघालं की ब्रशने आणि हवेने साफ कर, पाण्याचा पाइप मारू नको. प्रेशरने धुतलेल्या मशीनची कॉइल आणि कनेक्टर आपल्या खाऱ्या हवेत दुसऱ्याच मोसमात दगा देतात.

साफ केल्यावर कव्हर परत लावायच्या आधी ती बारीक वायर कुठून येते ते बघून ठेव, आणि कव्हर लावूनच चालव. कव्हर काढून इंजिन चालवायचं नाही, मिनिटभरसुद्धा नाही, थंड व्हायची सगळी सोयच गेलेली असते.

कातळावरची_बाग, देवगड

कव्हर काढलं. उंदीर नव्हता पण त्याच्यापेक्षा वाईट. कुसळं! सड्यावरचं कुसळी गवत माहीत आहे ना, धोतरात घुसतं ते. जाळीच्या भोकांतून एकेक आत शिरून हेडच्या पट्ट्यांमध्ये अशी घट्ट बसली होती की नमद्यासारखा थर झालेला, वर लाल धूळ आणि ऑइल. बोटाने निघेना, सायकलच्या स्पोकने उकरून काढली. एका बाजूच्या पट्ट्या तर पूर्ण बुजलेल्या, तिथलं अॅल्युमिनियम काळपट पडलंय. टोकाला करपलेली कुसळं निघाली, म्हणजे पेटायची बाकी होती. ते बघून अंगावर काटाच आला, याच मशीनवर बसून मी वणवा लागू नये म्हणून गवत कापत होतो.

साफ करून कव्हर लावून चालवलं. फरक लगेच जाणवला, पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ चाललं आणि हेडवरून येणारी ती करपट वाफ नाही. पण दुपारच्या उन्हात शेवटी परत बंद पडलं, एकदम गप्प, दिवा नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे ती बारीक वायर सोडवली, पुतण्या टेस्टरपाशी, मी सीटवर, पाती बंद. तरी करंट नाही. म्हणजे कॉइल?

जुना_फिटर_मिरकरवाडा

हो, कॉइल. वायर सोडवूनही करंट नाही, थंड झाल्यावर येतो, म्हणजे दुसरं काही राहत नाही. आतमध्ये तांब्याची बारीक तार आणि इलेक्ट्रॉनिक भाग राळेत ओतून बंद केलेला असतो, गरम झाला की आत कुठेतरी जोड सुटतो, थंड झाला की जुळतो. मीटर लावून थंड असताना मोजलीस तर ती चांगलीच दाखवेल, त्यावर जाऊ नको. आणि ती अशी का झाली त्याचं कारण तू स्पोकने उकरून काढलंस. नुसती कॉइल बदलली असतीस आणि कुसळं तशीच राहिली असती तर नवीन पण गेली असती.

बसवताना दोन गोष्टी. एक, फ्लायव्हीलवरचं चुंबक आणि कॉइलचे पाय यांच्यावर गंज चढलेला असणार, बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत कर, धूळ पुसून काढ. दुसरं अंतर. चुंबक आणि कॉइलचे पाय यांच्यात पाव मिलिमीटर ते ०.३५ मिलिमीटर एवढी फट लागते. फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड चालतं. फ्लायव्हील फिरवून चुंबक कॉइलसमोर आण, मध्ये कार्ड घाल, कॉइलचे बोल्ट सैल कर, चुंबक तिला आपोआप ओढून कार्डावर चिकटवेल, तशीच धरून बोल्ट आवळ आणि फ्लायव्हील फिरवून कार्ड बाहेर काढ. पूर्ण एक फेरा हाताने फिरवून कुठे घासत नाही ना बघ.

कोल्हापूर_कोकण_येजा

कॉइल घेताना एक सांगतो, मी बागायतीच्या मशीनचे पार्ट कोल्हापूरहून नेहमी नेतो. उद्यमनगरात शोधलं तर बरंच मिळतं, पण दुकानदाराला "१७ एचपी मॉवरची कॉइल" एवढंच सांगितलं तर तो कुठलीही देईल. इंजिनवर नंबर ठोकलेला असतो, बहुतेक वेळा ब्लोअर कव्हरवर किंवा टॅपेट कव्हरवर, मॉडेल आणि टाइप असे दोन-तीन आकडे. तो सगळा फोटो काढून पाठवा. मॉवर बनवणाऱ्याचं नाव वेगळं आणि इंजिन बनवणाऱ्याचं वेगळं असतं, पार्ट इंजिनच्या नंबरवर येतो. जुन्या कॉइलचाही शेजारी पट्टी ठेवून फोटो द्या, दोन बोल्टमधलं अंतर जुळतंय की नाही ते तिथल्या तिथे कळतं. मग गगनबावड्याच्या घाटातून रोज गाड्या येतात, कुणाच्याही हाती पाठवता येते.

नारळीपोफळी_गुहागर

कुसळांचं वाचून मी पण आज आमचं कव्हर काढायला लावलं. आमच्याकडे लॉनच असल्यामुळे कमी आहेत पण आहेत. आता दर पंधरा दिवसांनी वरून जाळी आणि मोसमात एकदा कव्हर काढून साफ करायचं ठरवलंय. आमच्या मशीनच्या पुस्तकात हे लिहिलेलं आहे, पण ते अमेरिकेतल्या हिरव्या लुसलुशीत गवताच्या हिशोबाने. आपल्या सुक्या सड्यावर त्याच्या दुप्पट वेळा करायला हवं.

आणि दादा, एअर फिल्टरच्या मागे कार्बोरेटरच्या तोंडात बोट फिरवून बघा. लाल धूळ बोटाला लागली तर फिल्टर नीट बसत नाहीये. जांभ्याची ती धूळ सिलिंडरला खाते.

कातळावरची_बाग, देवगड

कॉइल आली, बसवली. नंबरावरून बरोबर मिळाली. चुंबकावर खरंच गंजाचा थर होता. कार्डाची युक्ती छान चालली. काल सकाळपासून दुपारपर्यंत सलग चालवलं, भर उन्हात, फुल रेसवर, एकदाही बंद पडलं नाही. खालच्या बाजूचा वणव्याचा पट्टा पूर्ण मोकळा झाला, कापलेलं गवत ओढून बाहेर काढतोय. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. फिल्टरमागे धूळ नाहीये ताई, बघितलं.

मेस्त्रींनाही सांगून आलो की कार्बोरेटर नको, आणि टेस्टर त्यांना दाखवला. त्यांनी तो नीट बघितला आणि एक मागवून द्या म्हणाले.

आता ते सकाळी सेल्फ अर्ध्यावर अडायचं तेवढं राहिलंय. ते तसंच आहे. स्टार्टर मोटर खोलू का? आणि पुढच्या पावसाळ्याला मशीन ठेवताना काय करायचं तेही सांगा.

वायरमन_कुडाळ

मस्त काम झालं. स्टार्टर खोलायच्या आधी बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थ वायर काढून दोन्ही टोकं घासून लावा. देवगडात समुद्राची हवा थेट, पेंटवर बोल्ट आवळलेला असतो आणि खाली गंज धरतो. अर्थ खराब असली तरी सेल्फ असाच अडतो. टोकांना ग्रीस लावून ठेवा.

जुना_फिटर_मिरकरवाडा

अर्थ वायर घासायची हे बरोबर, आधी तेच कर, फुकटचं काम आहे. त्याने सुटलं तर उत्तम. पण थंड असताना अर्धा फेरा फिरून अडतं आणि परत दाबल्यावर सुटतं हे लक्षण मला टॅपेटचं, म्हणजे वाल्वच्या फटीचं, वाटतं. एवढ्या मोठ्या सिंगल सिलिंडरचा दाब स्टार्टरला एकट्याला झेपत नाही, म्हणून कॅमवर, म्हणजे वाल्व उघडणाऱ्या शाफ्टवर, एक छोटी युक्ती केलेली असते, सुरू होताना वाल्व किंचित उघडा राहतो आणि थोडा दाब सुटून जातो. ते उघडणं फार थोडं असतं. टॅपेट सैल झाले की तेवढी हालचाल फटीतच संपून जाते, वाल्व उघडतच नाही, स्टार्टर पूर्ण दाबाला जाऊन थडकतो. लोक बॅटरी बदलतात, मग स्टार्टर बदलतात, आणि दोष असतो टॅपेटला.

तपासायचं इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळीच. प्लग काढ, टॅपेट कव्हर काढ. दोन्ही वाल्व बंद असतील अशा स्ट्रोकला पिस्टन वर आण आणि मग तिथून पाव इंचभर, सहा मिलिमीटर, खाली जाऊ दे. प्लगच्या भोकातून प्लॅस्टिकची नळी घालून मोजता येतं, लोखंडी काही घालू नको. पिस्टन अगदी वर असताना मोजलंस तर तीच कॅमवरची युक्ती मध्ये येते आणि माप चुकतं, म्हणून खाली घ्यायचा. माझ्याकडे या प्रकारच्या एका इंजिनचं पुस्तक आहे त्यात इनटेक ०.०८ ते ०.१३ आणि एक्झॉस्ट ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर दिलंय. तुझ्या इंजिनचे आकडे तुझ्या नंबरवरून बघ, दुसऱ्याच्या आकड्यावर आवळू नको. आणि हे काम त्या मेस्त्रींकडून करून घेतलंस तरी चालेल, टॅपेट त्यांच्या हातचं असतं.

इंजिन एवढं तापून काढलेलं आहे म्हणून अजून एक बघ. चालू असताना ऑइल फिलरमधून जोरात फुंकल्यासारखी हवा येत असेल, किंवा एअर फिल्टरमध्ये ऑइल साचत असेल, किंवा निळा धूर, तर हेड गॅस्केट पुशरॉडच्या (वाल्व ढकलणाऱ्या दांड्यांच्या) बाजूला फाटलेलं असू शकतं. तसं काही दिसत नसेल तर हेडला हात लावू नको.

पावसाळ्याचं. मेच्या अखेरीला शेवटचं कापून झालं की टाकी रिकामी कर आणि उरलेल्या पेट्रोलवर इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालव, मग कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा बोल्ट सैल करून राहिलेले थेंब काढ. ऑइल त्याच वेळी बदल, पावसाळ्यानंतर नको. जुन्या ऑइलमधलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसून राहतं. आपल्या हवेला एसएई ३० चालतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घाल, हाताने दोन फेरे फिरव, प्लग लाव. बॅटरी काढून घरात. कव्हरखालच्या पट्ट्या तेव्हाच साफ कर, कुसळं ओली झाली की चिखलासारखी घट्ट होतात. डेकच्या, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या, खालून चिकटलेलं गवत खरवडून काढ, नाहीतर ऑक्टोबरपर्यंत पत्रा खाऊन टाकेल. ते करताना प्लगची टोपी काढलेलीच पाहिजे आणि मशीन कलंडवणार असशील तर एअर फिल्टरची बाजू वर ठेव.

ताडपत्री अंगाला लपेटून बांधू नको, आत घाम धरतो. वरून नुसतं छप्पर पुरे, खालून वारा खेळता राहू दे. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आपल्याकडे, मशीन भिजून जेवढं खराब होत नाही तेवढं झाकून कोंडल्याने होतं.

कातळावरची_बाग, देवगड

अर्थ वायर घासली, बोल्टखाली खरंच गंज होता. सेल्फ आधीपेक्षा जोरात फिरतो पण सकाळी एकदा अडतोच. म्हणजे टॅपेट बघायला लागणार. ऑइल फिलरला हात धरून बघितलं, फुंकत नाहीये, धूर पण नाही. रविवारी मेस्त्री येतायत, त्यांना तुमचं वरचं सगळं वाचून दाखवतो. इंजिनच्या नंबरवरून आकडे शोधून ठेवलेत.

जुना_फिटर_मिरकरवाडा

छान. रविवारच्या आधी टॅपेट कव्हरचं गॅस्केट मागवून ठेव, कॉइल जिथून आणलीस तिथूनच. जुनं गॅस्केट एवढं तापल्यावर कडक झालेलं असणार, काढताना तुकडे पडतील, आणि नुसती पेस्ट लावून बसवलं तर गरम झाल्यावर तिथून ऑइल गळून थेट सायलेन्सरवर पडेल.